भरून परत आलेला डबा

उद्या सकाळी बँकेने तुमचं खातं बंद केलं आणि गल्ली तुम्हाला चोर म्हणू लागली, तर तुमच्यासोबत पोलीस ठाण्याची पायरी चढायला कोण येईल? आधी ते नाव मनाशी पक्कं करा, मग पुढे वाचा.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, भावाने भावाच्या डोक्यात घातलेली कुऱ्हाड पाहिली. त्यातलं बरंच विसरलो. वर्दी उतरवल्यावरही डोक्यातून गेली नाही ती लातूरजवळच्या औशाची एक बाई आणि तिचा स्टीलचा तीन पुडाचा डबा. नाव मी कुणाचंच देणार नाही. ज्यांनी भोगलं त्यांना पुन्हा चव्हाट्यावर आणायचं नाही, आणि ज्याने केलं त्याची आई अजून हयात आहे.

मी तेव्हा नांदेड शहरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली की ठाणे अंमलदार नव्या तक्रारींचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवायचा. त्या दिवशीच्या गठ्ठ्यात सायबर हेल्पलाइनवरून आलेली एक तक्रार होती. तक्रारदार तरुण, शिकलेला, शहरात भाड्याच्या खोलीत राहणारा. जुन्या वस्तू जमवायचा त्याला शौक. ऑनलाइन गटावर औशाच्या एका बाईने खिशातलं जुनं घड्याळ विकायला काढलं होतं. सोन्याचं झाकण, तबकडीवर उर्दू आकडे. किंमत एवढी की त्यात नवी चारचाकी निम्मी आली असती. त्याने पूर्ण रक्कम बाईच्या खात्यात पाठवली, घड्याळ आलंच नाही, आता बाई दाद देत नाही, असं तक्रारीत होतं. सोबत व्यवहाराचे सगळे फोटो नीट क्रमाने लावलेले. इतकी टापटीप तक्रार मी क्वचितच पाहिली होती.

तक्रार नोंदली जाताच बाईचं खातं गोठलं होतं. या व्यवस्थेमागचा हेतू चांगला आहे. चोर पैसे काढून पसार व्हायच्या आत दार बंद करायचं. पण दाराच्या आत चोरच आहे की घरमालक, हे बघायला कुणी थांबत नाही. वादातली रक्कम बाजूला ठेवून बाकीचं खातं चालू ठेवता येतं. तेवढीही तसदी बहुतेक वेळा घेतली जात नाही. विकणाऱ्याने आधी गुन्हेगार व्हायचं आणि मग आपण गुन्हेगार नाही हे दारोदार सांगत फिरायचं. हा कुठला न्याय? तक्रारीचं बटण ज्याने आधी दाबलं तो खरा, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय?

चौकशीला हजर राहण्याची नोटीस गेली आणि बाई एसटीने एकटीच आली. पन्नाशीची, सुती पातळ, हातात कापडी पिशवी. मी तिला बसायला सांगितलं तरी खुर्चीच्या कडेला टेकली.

"घड्याळ पाठवलं का नाही?" मी विचारलं.

"पाठवलं की साहेब. एसटीत दिलं."

"एसटीत? कुरिअर नाही, पोस्ट नाही?"

"त्यो म्हनला, मावशी, कुरिअरवाले आपटतेत, काच फुटंल. एसटीनं पाठवा, मी नांदेडच्या स्टँडवर येऊन घेतो. मंग मी डब्यात घातलं. वर धपाटे आन् लसणाची चटणी, खालच्या पुडात मऊ फडक्यात घड्याळ. कंडक्टरला सांगितलं, लातूरला नांदेडच्या गाडीत द्या म्हनून."

हे बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल. लाखांची वस्तू धपाट्यांखाली! पण लातूर जिल्ह्यात राहिलेल्याला विचारा. क्लाससाठी लातूरला ठेवलेल्या पोरांचे डबे गावोगावच्या गाड्यांतून येतात. आई कंडक्टरच्या हातात डबा देते, पोरगं स्टँडवर घेतं, धुतलेला डबा परतीच्या गाडीने जातो. पावती नाही, वही नाही, तरी डबे पोचतात. या बाईने आपली मुलगी अशीच शिकवली होती. कुरिअरपेक्षा तिचा विश्वास त्या गाडीवर होता. घेणाऱ्याला हे चांगलं माहीत होतं, म्हणून तर त्याने एसटी सुचवली. एसटीने पाठवलेल्या डब्याचा पुरावा कुठून आणणार? विनापावती सामान नेलं असं कबूल करून कोणता कंडक्टर स्वतःची नोकरी घालवेल?

"घड्याळ विकायची वेळ का आली?"

"आमचे हे पाटबंधाऱ्यात कारकून व्हते. बदली व्हईल तिथून जुनी घड्याळं आणायचे. दुसरा नाद नव्हता. सकाळी उठून एकेकाला चावी द्यायचे, लेकरांना उठवल्यासारखं. आता किडन्या गेल्या. माझी जुळती म्हनले डॉक्टर. आपरेशनला भरायला पैसे लागतेत. ह्यांनीच सांगितलं, सोन्याच्या झाकणाचं काढ." तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "पैसे आले, आन् भरायच्या आधी खातं बंद. पेन्शन त्याच खात्यात येती. दवाखान्यानं तारीख दिलेली हाय साहेब. पैसे न्हाई भरले तर दुसऱ्याला देतेत."

खोटं बोलणाऱ्याची गोष्ट सरळ रेषेत चालते, हा माझा अनुभव. खरं बोलणारा मधेच चटणीत शिरतो, चावीत शिरतो. पण अनुभवावर न्यायालय चालत नाही. मी जबाब नोंदवून घेतला आणि बाईला बाहेर थांबायला सांगितलं.

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. उमरीकडच्या, जिभेने तिखट, नजरेने त्याहून तिखट. जेवणाच्या वेळेला त्या व्हरांड्यातून हाक मारू लागल्या.

"साहेब, जरा भाईर या. आरोपी जेवून राहिलीय."

"मग जेवू द्या की."

"जेवू द्या, पर कशात जेवून राहिलीय ते तर बघा!"

बाई भिंतीला टेकून भाकरी खात होती. पुढ्यात तीन पुडाचा डबा. हवालदार बाईंनी कमरेवर हात ठेवले. "ओ ताई, तुमी साहेबांपुढं काय सांगितलं? घड्याळ डब्यात घालून पाठवलं. कोणता डबा?"

"ह्योच की."

"आन् नांदेडला गेलेला डबा तुमच्या मांडीवर कसा काय? उडत आला?"

बाईला प्रश्नच कळला नाही. "परत आला ना. मी त्या पोराला म्हनलं व्हतं, दादा, डबा तेवढा परत पाठव, लेकीच्या रुखवताच्या वेळचा हाय. आला आठ-पंधरा दिवसांनी. औशाच्या स्टँडवर मास्तरांनी ठेवून घेतला, निरोप धाडला. नाव हाय ना त्याच्यावर."

मी डबा हातात घेतला. झाकणावर टोचून काढलेली अक्षरं होती: तिच्या नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि खाली 'औसा'.

"रिकामा आला?"

आता ती जरा दुखावली. "रिकामा कसा यील साहेब? चांगल्या घरचं मानूस दिसतंय. भरून आला. चकलीवानी कडी व्हती, पर पांढरी. तांदळाची, ओवा-तीळ घातलेली. आमच्याकडं न्हाई करत तसलं. मी ह्यांना म्हनलं बी, गिऱ्हाईक लई चांगलं मिळालं."

ती पांढरी कडी मी खाल्ली होती. देगलूर, बिलोलीकडे माझी पोस्टिंग झालेली. तेलंगणाच्या सीमेवरच्या गावांत संक्रांतीच्या सुमाराला घरोघर बायका बसून बोटांनी पीठ वळतात. सकिनालू म्हणतात त्यांना. नांदेडमधल्या भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या पोराच्या हातची ती गोष्ट नव्हे. कुणीतरी बाईमाणसाने तो डबा घासला होता, नाव वाचून घेतलं होतं, आणि दुसऱ्याचा डबा मोकळा पाठवू नये म्हणून भरला होता.

ज्याच्या म्हणण्याप्रमाणे काही मिळालंच नाही, त्याच्याकडून डबा परत आला होता.

तक्रारदाराच्या बँक खात्यावरचा मूळ पत्ता मागवला. बिलोली तालुक्यातलं एक गाव निघालं.

त्याच संध्याकाळी लातूरहून फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "साहेब, औशाच्या बाईचं खातं बंद झालंय, असं आमच्या गटात कळलं. ती बाई खोटी नाही. माझ्याशी हेच झालंय. जुनं नाणं होतं. त्यानेच सांगितलं एसटीने पाठवा. पैसे आले, नाणं गेलं, मग खातं बंद. शेवटी त्याचे पैसे त्याला परत गेले आणि नाणंही त्याच्याकडेच राहिलं."

"तक्रार का नाही दिली?"

"मी क्लासला शिकवतो साहेब. सर फसले, सरांवर चौकशी आहे, असं पोरांच्या बापांना कळलं तर उद्या बाकावर कोण बसेल?"

"मग आता जबाब द्यायला या."

फोन बंद झाला. नंबरावरून माणूस शोधणं अवघड नव्हतं. त्याच्याकडून आणखी नावं कळली. उदगीरचा एक जण काळ्या धातूवर चांदीच्या नक्षीचं बिदरी काम विकणारा, आणखी दोघे-तिघे. सगळ्यांचा अनुभव एकच, सगळ्यांचं तोंड बंद. कुणाला धंद्याची भीती, कुणाला कराची, कुणाला बायकोची. त्या पोराने फार मोठी अक्कल लढवली नव्हती. चारचौघांत आपली लाज जाऊ नये म्हणून माणसं गप्प बसतात, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्यांच्या गप्प बसण्यावर त्याचं दुकान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार बाई साध्या कपड्यांत बिलोलीकडच्या त्या गावी गेलो. डबा सोबत होता. ओसरीवर एक म्हातारी चिंचा फोडत बसली होती. आम्ही कोण, कुठले, काही सांगायच्या आत तिची नजर डब्यावर गेली.

"अगं बाई! ह्यो तर औशाचा डबा! पोचला व्हय गं?" हवालदार बाईंकडे बघत ती हसली. "तुमी का त्या? धपाटे लई ग्वाड झाले व्हते. पोरानं वाटंतच खाल्ले सगळे, मला एक उरला व्हता. बसा, बसा, चा टाकते."

हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीच विचारलं, "आई, डबा तुमच्या मुलानं आणला होता का?"

"हाव. संक्रांतीला आला तवा. मित्राचा हाय म्हनला. मी शेजारच्या पोरीकडून नाव वाचून घेतलं. औसा म्हनली. लातूरच्या गाडीत दिला मंग. कंडक्टर चांगला व्हता, म्हनला अव्वा, नाव हाय त्यावर, पोचतो."

पंचांना बोलावून घराची झडती घेतली. आतल्या खोलीत पोराची लोखंडी पेटी होती. तिच्यात लोकरीच्या मफलरीत गुंडाळलेलं सोन्याच्या झाकणाचं घड्याळ, नाणी, बिदरीची अत्तरदाणी. पंचनामा चालू असताना म्हातारी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मुद्देमालाच्या पाकिटावर लाख तापवून मोहोर उमटवली तेव्हा तिने विचारलं, "चोरीचं हाय का?" मग तिने चहाच्या कपबशा उचलल्या आणि आत घेऊन गेली. आम्ही प्यायलो नव्हतो.

पोराला ठाण्यात आणलं. तो घाबरला नव्हता. पायावर पाय टाकून बसला.

"साहेब, तक्रारदार मी आहे. तुम्ही मलाच विचारताय?"

"घड्याळ मिळालं का?"

"नाही. मिळालं असेल तर पुरावा दाखवा ना. कुरिअरचा नंबर? पोस्टाची पावती? काय आहे बाईकडे?" त्याने हसून हवालदार बाईंकडे बघितलं. "मॅडम, चहा मिळतो का तुमच्याकडे, का तोही गोठवलाय?"

पेटी सापडल्याचं त्याला अजून ठाऊक नव्हतं. मी ती काढली नाही. टेबलाच्या खालून डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला, नाव त्याच्याकडे येईल असा.

त्याचा पाय खाली आला. त्याने झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात, आम्हाला नव्हे, जणू घरातल्या कुणाला बोलावं तसं म्हणाला, "आईला सांगितलं होतं, माळ्यावर टाक म्हणून."

त्याच्या कबुलीची सुरुवात या एका वाक्यापासून झाली. पुढचं सगळं त्याने आपणहून सांगितलं. इंजिनिअर होऊन नोकरी नाही, पुण्या-हैदराबादचे शौकीन लोक मागाल ती किंमत देतात, विकणारे इकडचे साधे लोक, भांडायला येत नाहीत. एकदाही त्याने आवाज चढवला नाही की मान खाली घातली नाही. मला सगळ्यात जास्त चीड याचीच आली. एखाद्या परीक्षेचा पेपर कसा सोडवला हे सांगावं, तसं तो सांगत होता. शेवटी एकच प्रश्न त्याने विचारला. "आईला काय सांगितलंत?"

गुन्हा उघड झाला म्हणून वर्तमानपत्रात आमचे फोटो आले. पण औशाच्या बाईची लढाई संपली नव्हती. तिचं खातं उघडावं म्हणून मी पत्र दिलं. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने न्यायालयाच्या आदेशाकडे. आदेश मिळवायला तारीख, तारखेला सुट्टी, सुट्टीनंतर पुन्हा तारीख. तक्रार नोंदवायला एक बटण पुरलं होतं, ती मागे घ्यायला सरकारचे सगळे दरवाजे ठोठावावे लागले. दवाखान्यातली तारीख दुसऱ्या रुग्णाला गेली. बाईच्या नवऱ्याला संसर्ग झाला, लातूरला अतिदक्षता विभागात ठेवलं. आदेश हातात पडला त्याच आठवड्यात तो गेला.

आम्ही औशाला गेलो तेव्हा भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली त्याचा फोटो ठेवला होता. शेजारच्या कपाटात उरलेली घड्याळं. सगळी बंद होती.

"गल्लीतलं कुनी आलं न्हाई साहेब आधी," बाई म्हणाली. "पोलिसाची नोटीस आली म्हनून. मयतीला मातर सगळे आले."

लातूरचे ते क्लासचे सरही शेवटी ठाण्यात येऊन जबाब देऊन गेले. बाई त्या दिवशी तिथेच होती. ते तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "ताई, मला पहिल्यापासून माहीत होतं, तुम्ही खऱ्या आहात."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. "मंग सांगायचं कुनाला व्हतं ते?"

सरांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला, आणि सहीची जागा विचारली.

म्हातारीची साक्ष झाली तेव्हा मी न्यायालयाच्या आवारात होतो. डबा पिंजऱ्यासमोर टेबलावर ठेवलेला. तो आपणच भरून पाठवला, असं तिने स्पष्ट सांगितलं. पोरगं समोर उभं होतं, त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. बाहेर आल्यावर तिने मला गाठलं.

"साहेब, म्या डबा पाठवला नसता तर पोरगं सुटलं असतं का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही. "हो, आई. सुटलं असतं."

तिने मान हलवली. पायरीवर बसली, चप्पल काढली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "पर लोकाचा डबा कुनी ठेवून घेतं का?"

बाईला घड्याळ आणि डबा न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, परत मिळाले. घड्याळाच्या पाकिटाला तिने हातही लावला नाही, मुलीला घ्यायला सांगितलं. डबा मात्र उघडून बघितला, पदराने पुसला आणि पिशवीत घातला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? गुन्हेगार एकटाच होता. त्याला उघडं पाडलं ते एका निरक्षर म्हातारीच्या घासलेल्या डब्याने. आणि त्याला इतके दिवस मोकाट ठेवलं ते शिकल्या-सवरलेल्या, भल्या, खरं काय ते ठाऊक असलेल्या माणसांनी. चोराला मी कोठडीत घालू शकतो. गप्प बसणाऱ्यांना कुठे घालू?

म्हणून एवढंच मागतो. तुमच्या गल्लीत, तुमच्या ऑफिसात, तुमच्या त्या फोनवरच्या गटात असं खातं गोठलेलं, नोटीस आलेलं कुणीतरी नक्की आहे. ती खरी आहे हे तुम्हाला माहीत असेल तर मनात ठेवू नका. उद्या सकाळी चप्पल घाला, तिच्या दारात जा, आणि तिच्यासोबत ठाण्याची पायरी चढा. तुमचा जबाब लिहून द्या, खाली पूर्ण नाव घाला. मयतीला नंतर गेलात तरी चालेल.